जीपवरचे सहा भोंगे

सत्तरच्या दशकात वारंगा फाट्यावर माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं. एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे, एक माईक आणि डोक्यात भरपूर हवा. तेवढ्या भांडवलावर आमच्या भागात माणूस इंजिनिअर ठरायचा, आणि मीही तसंच समजून चालायचो.

लग्नानंतरच्या पहिल्या चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक बायकोच्या माहेरी, शिरड शहापूरला होती. जीपवर बसून ती वडिलांनी रचलेलं गाणं म्हणणार होती. पण सासऱ्यांचं मांडीचं हाड मोडलेलं. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर पडून होते, आणि त्यांच्या बोळात जीप शिरत नव्हती. आदल्या दिवशी बायको एवढंच म्हणाली, "बाबाला बाजंवर शब्द न् शब्द बराबर ऐकू गेला पाह्यजे. बाकी मला काई नको."

सकाळी मी माझे दोन भोंगे जीपला बांधतो न बांधतो, तोच शेजारच्या दोन गावांची माणसं आपापले दोन-दोन भोंगे घेऊन हजर. निळ्या फिती लावलेले, हार घातलेले. मिरवणुकीसाठी कुणी प्रेमानं आणलेली वस्तू परत पाठवायची नाही, हा आमचा रिवाज. एकाला नाही म्हटलं असतं तर ते गाव तीन वर्षं रुसलं असतं. मी सहाही बांधले आणि सहांच्याही तारा जोडल्या.

हे चुकीचं आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं. हिंगोलीच्या माझ्या उस्तादांनी पढवलं होतं: एक भोंगा सोळा ओमचा, दोन शेजारी जोडले की आठ, आणि आठावरच आपलं मशीन पुरी ताकद देतं. सहा जोडले की तीनच्याही खाली. म्हणजे एका म्हशीला सहा रेडकं. पण गर्दी बघून मलाही वाटलं, भोंगे वाढले तर आवाज थोडा तरी वाढेलच.

गाणं सुरू झालं. पहिली ओळ बरी गेली, दुसरी फाटली, तिसरी तर जीपमागच्या लेझीमवाल्यांनाही कळेना. मशीनवर हात ठेववत नव्हता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली होती. मला माझीच लाज वाटली.

रेडिएटरमध्ये पाणी घालायचं निमित्त करून मी जीप थांबवली. सासऱ्यांच्या घराकडे तोंड असलेले दोन भोंगे जोडलेले ठेवले. बाकी चारांच्या तारा सोडवून टोकं हारांत खोचली. मशीन निवलं तशी तिनं गाणं पहिल्यापासून धरलं, आणि कडुनिंबावरचे पारवे उडाले. तारा सोडलेल्या भोंग्यांचा एक मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पाह्यलं ना, आमच्या भोंग्यानं कसं उचलून धरलं?" मी व्हय म्हणालो. ते खोटं मला छान पचलं.

मिरवणूक संपल्यावर आम्ही तडक सासऱ्यांकडे गेलो. ऐकू आलं का, हे विचारायचा तिला धीर होईना. ती पाया पडली तसे तेच म्हणाले, "'माझी लेक शाळंत गेली' म्हनताना थांबलीस काहून? तितं थांबायचं न्हाई, बाई."

तिला रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही. मग डोळे पुसून ती बाजेच्या कडेला बसली आणि तिनं ती ओळ न थांबता म्हणून दाखवली. मी दारातच उभा राहून ऐकलं.