आईला येणारा कर्ण्याच्या फुलांचा वास

एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. दोन जणांकडून खात्री केल्याशिवाय मी बातमी लावली नाही, आणि अमानवीय वगैरे प्रकारांची तर कधीच नाही. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय...

आमचं घर पोशीरला. तिथे आई एकटी राहते, वय एकोणऐंशी. मी जवळच शेलूला; रोज संध्याकाळी तिच्याकडे चक्कर असते. अंगणात वडिलांनी लावलेलं एक झाड होतं — धोतऱ्याच्या जातीतलं, वीतभर लांब, पांढरी, कर्ण्यासारखी खाली लोंबणारी फुलं. दिवसा वास नाही. दिवेलागणीला सुरू व्हायचा तो थेट रस्त्यापर्यंत. आई त्यातलं एक फूल रोज वंदनेआधी बुद्धमूर्तीपुढे ठेवायची. तीन वर्षांपूर्वीच्या तापात तिचं नाक गेलं. फोडणी जळाली तरी कळत नाही. पण फूल ठेवणं चुकलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या नातीने त्या झाडाचं पान तोंडात घातलं. वेळीच काढलं, पण झाड विषारी. आईनेच सांगितलं, "काढून टाक रं. मुळासकट." मी काढलं. एक फांदी मात्र टाकवली नाही. आईला न सांगता ती लोधिवलीला बहिणीकडे, सुषमाकडे दिली. तिने गच्चीवर कुंडीत लावली. आईपाशी विषय काढायचा नाही, असं आमचं ठरलं.

नऊ महिन्यांनी एका संध्याकाळी ओट्यावर बसलेली आई म्हणाली, "फुलं उमलली रं."

अंगण मोकळं होतं. मला वास येत नव्हता, शेजारच्या काकूंनाही नाही. पुढचे तीन दिवस तेच. मग दोन आठवडे काही नाही, मग पुन्हा. डॉक्टरांनी तिच्या नाकाशी कापूर धरला, तो तिला कळला नाही. या वयात भास होतात, एकटं ठेवू नका, म्हणाले. मी तिला शेलूला आणायचं ठरवलं. ती हो म्हणाली. इतक्या लगेच, की मला बरं वाटलं नाही.

न्यायच्या आदल्या दिवशी सुषमाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, कुंडीला परत फुलं आलीत.

परत म्हणजे? मी तारखा विचारल्या. तिने दर वेळी मोबाईलवर फोटो काढले होते. इकडे आई वासाचं बोलली ते दिवस मी डॉक्टरांसाठी लिहून ठेवले होते. अकराच्या अकरा दिवस जुळले. मधे वीस किलोमीटर तरी अंतर असेल.

तसाच पोशीरला गेलो आणि आईला फांदीचं सांगितलं. पलंगावर तिची पिशवी भरून तयार होती.

ती म्हणाली, "आदी सांगायचं नाय का रं? मला वाटलं, माजं डोकं चाललं. तुमाला तरास नको म्हणून गप यायला निघाले होते."

मी माफी मागितली. तिने पिशवीतली लुगडी काढली, एकेक झटकून पुन्हा कपाटात लावली.

सुषमाला मी नंतर खोदून विचारलं — आईशी फुलांबद्दल ती एक शब्द बोललेली नाही. वारा, योगायोग, सगळं तपासलं; एकही कारण टिकलं नाही. आईने कारण मागितलंही नाही. फुलं खरोखर उमलतात, एवढं तिला पुरलं.