उरलेल्या बोटांचं गाणं

लढाईच्या वर्षांत लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे. ड्यूटीवरून आले की बूटही न काढता व्हरांड्यात गिटार घेऊन बसत. एका अमेरिकन सोल्जरकडून ते एक उदास गाणं शिकले होते. ह्याला ब्लूज म्हणतात, असं सांगायचे. त्यात तीनच कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांच्या तीनच जुळण्या होत्या. ठेकाही एकच. रोज ते हुबेहूब तसंच वाजवत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या तुंगार्लीच्या मावशींनाही ते पाठ झालं होतं.

मग डब्याच्या दारात त्यांचा डावा हात सापडला आणि एक बोट कापावं लागलं. गिटार खुंटीवर गेली. मी भेटायला गेलो की ते हात खिशात घालून हवापाण्याचं बोलत.

एका दुपारी पुन्हा तारा वाजू लागल्या. पूर्ण कॉर्ड दाबता येत नव्हती, म्हणून ते दोनच तारा धरत होते. मध्येच तळव्याने आवाज दाबून एक मात्रा मोकळी सोडत, मग जाड तारेवरून एकेक सूर घेत पुढच्या कॉर्डवर जात. अडखळले की स्वतःलाच हसून शिवी देत आणि तीच जागा वेगळ्या ठेक्यात घेत.

मावशी भांडी टाकून कुंपणाशी गेल्या. "सायेब, ह्ये नवं गाणं व्हय?"

"नहीं मावशी, वोही पुराना है," ते म्हणाले. "लेकिन अब आगे क्या आयेगा, हमकू भी मालूम नहीं."

"मंग थांबू नगा," मावशी तिथंच खाली बसत म्हणाल्या. "मला बी आइकायचंय."