छोट्या पाइपातलं बूच

शहागडला हायवेच्या कडेला बदरोद्दीनचं गॅरेज आहे. तिथं खोललेल्या इंजिनात थर्मोस्टॅट परत बसलेला कुणी पाहिलेला नाही. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप. इंजिन गार असेतो ती बंद राहते आणि पाणी एका छोट्या पाइपातून इंजिनातच फिरतं. इंजिन तापलं की ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं.

"आपल्या उन्हात इंजिन थंड ठेवायचं असतंय, गरम कशाला करायचं?" असं म्हणून बदरोद्दीन झडप काढून फेके आणि त्या छोट्या पाइपात लाकडी बूच ठोके. म्हणजे सगळं पाणी थेट रेडिएटरला. उभी हयात त्याचं हे चालून गेलं.

त्याचा मुलगा मुझफ्फर पुण्यात एका मोठ्या वर्कशॉपमध्ये कामाला. आई मैमूना वारली तेव्हापासून तो बापाला गॅरेज बंद करून पुण्याला चला म्हणत होता. मध्ये बदरोद्दीनकडून एका ट्रकच्या चाकाचे नट आवळायचे राहिले, ते ड्रायव्हरनंच पाहिलं. त्यानंतर तर प्रत्येक फोनवर तोच विषय.

शेवटी बाप वैतागला. जालन्याच्या दीपचंद शेठचा नातू रजत यानं हौसेनं एक जीप जमवली होती. सांगाडा एकीकडचा, बॉडी दुसरीकडची, इंजिन भंगारातल्या कारचं. जोडणी बदरोद्दीनकडे होती.

"ही जीप जालन्याला जाऊन न उकळता परत आली, तर पुण्याचं नाव काढायचं न्हाई," तो मुलाला फोनवर म्हणाला.

"आन् उकळली तर?"

"तर तू म्हणशील तसं."

"मंग थर्मोस्टॅट घाला, अब्बा. कारचं इंजिन हाय, ट्रॅक्टरचं न्हाई."

बदरोद्दीननं ऐकलं. काम मन लावून केलं. रेडिएटर इंजिनापेक्षा खाली बसत होता, म्हणजे वरच्या पाइपात हवा कोंडणार. म्हणून पाणी भरायची टाकी त्यानं सगळ्यात उंचावर घेतली. सायकलची जुनी ट्यूब वळवून वळवून पाइपांची वाट ठरवली, आणि मगच रबरी होज कापले. सायलेन्सरपासून चार बोटं लांब, कुठं मुरड नाही, कुठं घासणं नाही. नवा थर्मोस्टॅट स्वतःच्या हातानं बसवला.

मुझफ्फर सुट्टी काढून आला. रजतनं जीपवरून हात फिरवला. "चाचा, शोरूमवाले बघतच राहतील!"

"आधी जालना बघू दे," बदरोद्दीन म्हणाला. तिघं निघाले.

वडीगोद्रीच्या अलीकडेच बॉनेटच्या फटीतून वाफ आली. रजतनं गाडी कडेला घेतली. तापमानाचा काटा टोकाला टेकला होता. मुझफ्फरनं बॉनेट उघडलं आणि इंजिन निवेपर्यंत तिघं बाभळीखाली उभे राहिले.

मग मुझफ्फरनं रेडिएटरला हात लावला. तो गारच होता. त्याचा हात वरच्या होजवरून खाली आला आणि छोट्या पाइपाशी थांबला. अंगठ्यानं दाबलं. पाइप दबला नाही. आत लाकूड होतं.

बदरोद्दीनला तेवढं पुरलं. झडप बंद आणि छोटी वाटही बंद; फिरतं गरम पाणी झडपेपर्यंत पोचलंच नाही, म्हणून ती उघडली नाही आणि पाणी इंजिनात जागच्या जागी उकळलं होतं. बूच कधी ठोकलं ते मात्र त्याला आठवेना. लाकूड कुठून घेतलं, कधी तासलं, काहीच नाही. हातानं आपलं नेहमीचं काम करून टाकलं होतं आणि त्याला विचारलं नव्हतं.

"काय झालं?" रजतनं विचारलं.

मुझफ्फरनं पाइपावरचा हात काढला. "थर्मोस्टॅटच खराब निघाला. आजकालच्या मालाचा भरोसा न्हाई. अब्बांचं काम बराबर हाय."

मुझफ्फरनं आजवर बापाची एकही चूक तोंडावर सांगितल्याशिवाय सोडली नव्हती. चार माणसांत सांगे, गिऱ्हाइकासमोर सांगे, आणि बदरोद्दीनही आवाज चढवून भांडे. आज तो बापाकडे बघतसुद्धा नव्हता.

बदरोद्दीननं खिशातून पेचकस काढला. क्लिप सैल केली, पाइप ओढला, बूच उपसून रजतच्या हातावर ठेवलं.

"थर्मोस्टॅट चांगलाय. हे मी ठोकलं. इंजिन तापून गेलंय, त्याचं हेड खोलावं लागंल, ते पुण्यात मुझफ्फरच करून दील."

मग तो मुलाकडे वळला. "गॅरेज रिकामं करताना छताची इंजिन उचलायची चेनपुली आधी उतरवू. माझ्या एकट्यानं न्हाई व्हायची."