हरवलेल्या वस्तूंची खिडकी

फळा कोरा असला तरी ती आधी तो पुसायची. खडू रुमालात गुंडाळून ठेवायची. मुलाकडे कधी बोट दाखवायची नाही, अख्खा तळहात पुढे करायची. मूल चुकलं तर 'चूक' म्हणायची नाही. तेच वाक्य नीट करून, गप्पा मारल्यासारखं पुन्हा म्हणायची. आणि समोर उभ्या माणसालाही मध्येच सांगायची, "एक मिनिट धरा हं." अकरा वर्षं फोनवर काढली की असं होतं.

एका प्रवासी कंपनीत ती स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. अडतिसाव्या वर्षी ती नोकरी सोडली आणि परदेशी भाषांचे शिक्षक घडवणाऱ्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसली. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. दुसऱ्या वर्षी एखाद्या शाळेत सराव पाठ घ्यायचे. ती आमच्या शाळेत आली. मी तिथल्या वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारते. साहित्याची पदवी घेतली की असंही होतं. मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी डबा उघडायची. मुलं तिला सेन्योरा, म्हणजे बाई, म्हणायची, म्हणून मीही.

घरी तिची थट्टा चाले. मोठा भाऊ म्हणाला होता, "आता पाटी-पेन्सिल घे आणि बालवाडीपासूनच सुरू कर." नववीतली मुलगी रोज संध्याकाळी विचारायची, "आई, गृहपाठ झाला? वही दाखव." ती खरंच वही दाखवायची. शाळेत स्पॅनिशची एकच कायम जागा निघणार होती. परीक्षा-पाठात जिला जास्त गुण, तिला ती मिळणार होती. सेन्योराला ती हवी होती. दुसरं काहीच नको होतं.

सराव पाठ जोडीने होतात. एकीने शिकवायचं, दुसरीने मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहायचं आणि शिकवणारीच्या वहीत पानोपानी सही करायची. सेन्योराची जोडीदार तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मी तुझी धाकटी बहीण." तेव्हापासून ती धाकटी. सेन्योरा तिच्यासाठी रोज जास्तीची पोळी आणायची. तिची पाठाची टाचणं तपासून द्यायची. मी एकदा म्हटलं, "अगं, ही तुझी प्रतिस्पर्धी आहे." ती हसली. "पाठची बहीण आहे गं. पाठीवर बसणारच."

परीक्षेसाठी तिने एक पाठ रचला होता. हरवलेल्या वस्तूंची खिडकी. टेबल आडवं लावायचं, ती झाली खिडकी. मुलांनी रांगेत यायचं आणि आपलं काय हरवलं ते स्पॅनिशमध्ये सांगायचं. रंग कोणता, केवढी, कुठे राहिली. मग पिशवीतून ती वस्तू निघणार. छत्री, एकच मोजा, दांडी तुटलेला चष्मा. अकरा वर्षं ती बॅगा हरवलेल्या माणसांचे फोन घेत होती. "रडणाऱ्या माणसाला व्याकरण आठवत नाही," ती म्हणायची, "पण आपल्या बॅगेचा रंग तो बरोबर सांगतो." शेजारच्या तुकडीवर तिने हा पाठ दोनदा करून पाहिला. धाकटी मागे बसून सगळं लिहून घेत होती. तिचं कामच होतं ते.

परीक्षेच्या पाठाला एक नियम आहे. तोच पाठ त्याच वर्गावर आधी झालेला चालत नाही. आदल्या दिवशी चिठ्ठ्या निघाल्या. दोघींना एकच वर्ग आला. धाकटीला दुसरा तास, सेन्योराला पाचवा. परीक्षक वेगवेगळे.

तो वर्ग वाचनालयाला लागून आहे. दुसऱ्या तासाला मला भिंतीपलीकडून हसू ऐकू आलं. छत्री, मोजा, चष्मा. मला वाटलं, सेन्योराचा तास अलीकडे आणला. शिक्का मारत मी खूश झाले.

पाचव्या तासाला तिने पिशवी टेबलावर ठेवली. उघडण्याआधीच मुलांनी आतल्या वस्तू सांगितल्या. रंगासकट. ती विचारायच्या आत उत्तरं. मुलांना वाटलं, सेन्योरा खूश होईल. परीक्षकांनी एकच ओळ लिहिली: वर्ग आधी पढवलेला. पाठ रद्द.

जिन्यात तिने धाकटीला गाठलं. मी दोन पायऱ्या खाली होते.

"ताई, मला काही सुचेनाच गं. तुला काय, दहा सुचतात."

"मग मला सांगायचं होतंस. मध्ये दोन तास होते. मी दुसरा घेतला असता."

"सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस?"

"वर्ग एकच आहे हे तुला कालपासून माहीत होतं."

धाकटी पर्स सावरत खाली गेली. मला म्हणाली, "जरा सरकतेस?" मी सरकले. त्याचा मला अजून राग येतो.

अभ्यासक्रमाच्या विभागप्रमुख मॅडमनी सेन्योराची वही उघडली. "प्रत्येक पानावर तिची सही आहे. पाठ दोघींनी मिळून केला असं ती म्हणते. आता मी काय करू?"

परीक्षा विभागाच्या कारकुनाने आम्हा दोघींना निदान वाट सांगितली. "अर्ज करा. पण सकाळी हाच पाठ झाला याला साक्ष लागेल. त्या वर्गातल्या पाच मुलांची नावं आणि सह्या आणा."

"मी ऐकलंय," मी म्हटलं.

"कुठून?"

"भिंतीपलीकडून."

"बाई, भिंतीला कान असतात. सही नसते."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी अर्ज लिहायला बसली. तीन ओळी भराभर झाल्या. मग पेन थांबलं.

"अकरा वर्षांची पोरं आहेत," ती म्हणाली. "जूनपासून तीच त्यांना शिकवणार. आणि मी त्यांना सांगू, तिच्याविरुद्ध सही करा?"

"मग काय, सोडून देणार?"

"एक मिनिट धर हं," ती म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर आली नाही.

मुदत शुक्रवारी संपली. कागद माझ्याकडेच आहे. तीन ओळी पूर्ण आहेत. चौथी: 'खालील विद्यार्थी याविषयी सांगू शकतील.' खाली एक ते पाच आकडे, एकाखाली एक. पहिल्यापुढे एक काना काढलेला आहे. अक्षर नाही.