फोनात अक्षत मावत नाही

मावला गावच्या वच्छलाबाईचं फोनशी कधी जमलं नाही, आणि यात सगळी चूक फोनची आहे असं तिचं ठाम मत होतं. पासष्टीची बाई. दीड एकराचा भाजीपाला अजून स्वतः सांभाळणारी, पहाटे मेथीच्या जुड्या बांधून सातच्या आत आदिलाबादच्या बाजारात बसणारी. बोटांना मातीच्या भेगा. ती बोटं काचेवर कितीही घासा, फोन ढिम्म. आणि सून सुवर्णा नुसतं बोट टेकवायची की लगेच उजेड.

"पाह्य मेल्याचं," वच्छलाबाई म्हणायची, "काम करनाऱ्या हाताले वळखत नाई. रिकामटेकड्याले बरा वळखते."

हा टोला फोनला की आपल्याला, याचा विचार सुवर्णा करत बसायची नाही. तिला सवय होती.

गॅससाठी फोन लावावा तर आतली बाई आधी तेलुगूत बोलणार, मग हिंदीत, एक दबाइए, दो दबाइए. वच्छलाबाई तिला मराठीत ठणकावायची, "बाई, दोन नको, एकच पुरे. पन आजच धाड." दवाखान्यात जावं तर नंबर आधी फोनवर घ्या म्हणे. अरे बाबा, माणूस तुझ्या पुढ्यात उभा राहून खोकतोय, त्याच्याकडे मान वर करून पाहा ना! पण नाही. मुलगा वैभव निर्मल शहरात खेळण्यांच्या दुकानात कामाला, शनिवारी घरी यायचा. तो समजवायचा, "आई, जमाना बदलला." ती म्हणायची, "बदलला त बदलला. मले इचारून बदलला का?"

तिचा खरा राग होता तो नातेवाइकांच्या ग्रुपवर. वैभवनंच तिला त्यात घातलं होतं. रोज सकाळी तिथं फुलं यायची, टोपलीभर, आणि एकालाही वास नाही. तेही चाललं असतं. पण मागच्या पोळ्याला चंपतमामा गेले, तेव्हा ग्रुपवर अठ्ठावन्न जणांनी हात जोडले आणि मामांच्या दारात माणसं जमली अकरा. वच्छलाबाई त्या अकरांत होती. खांदा द्यायला शेजारच्या गल्लीतून पोरं बोलवावी लागली. त्या दिवशी घरी येऊन तिनं जो फोन ज्वारीच्या कोठीवर टाकला, तो आठ दिवस उचलला नाही.

तर अशा बाईच्या फोनवर जानेवारी सरता सरता दोन मोर आले.

"आई, पाहा तं," सुवर्णा हसत हसत अंगणात आली. "हर्षालीची पत्रिका आली. मामांनी धाडली."

मामा म्हणजे भगवंतराव, वच्छलाबाईचा धाकटा भाऊ. तलमडुगुच्या अलीकडच्या खेड्यात कापूस आणि ज्वारीची शेती. हर्षाली त्याची शेंडेफळ. वच्छलाबाईनं हात पदराला पुसले आणि पाहिलं. सनई वाजत होती, मोर नाचत होते, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या, आणि मधोमध हर्षाली न् तिचा होणारा नवरा. केवढी गोड दिसत होती पोरगी! खालची अक्षरं सुवर्णानं वाचून दाखवली. तारीख, वेळ, ठिकाण, आणि शेवटी, "यालाच आग्रहाचे निमंत्रण समजून सहकुटुंब यावे."

"समजून?" वच्छलाबाईचा आवाज चढला. "समजून काऊन घेऊ? मंग थ्याइनं जेवनबी समजूनच वाढावं का? पोट भरलं असं समजून आपन घरी यावं?"

"अहो, सगळेच असं लिहितात. अन् मामा नुसते वाटच पाहत होते. मी उत्तर टाकलंसुद्धा, तुमच्या नावानं. अंगठा टाकला."

वच्छलाबाई उठूनच उभी राहिली.

"माहा अंगठा? कोनाले इचारून?"

नऊ वर्षांपूर्वी नवरा वामनराव गेला, तेव्हा विरासतीच्या कागदांसाठी तहसीलमध्ये तिच्यापुढे शाईची डबी सरकवली होती. तिनं ती परत सरकवली, पंधरा दिवस अंगणातल्या मातीत बोटानं नाव गिरवलं आणि मगच जाऊन सही केली. तिरपी, पण सही. "तवापासून माहा अंगठा सरकारले भेटला नाई," ती सुवर्णाला म्हणाली, "आन तू थो मोराले देऊन आली!" सुवर्णाला हसावं की घाबरावं कळेना.

मग तिथंच, अंगणात उभं राहून, मोठ्यानं, वच्छलाबाईनं सांगून टाकलं. माझ्या भावानं, भगवंतानं, दारात येऊन हातावर अक्षत ठेवली तर लग्नाला जाईन. नाही तर त्या मांडवाला माझे पाय लागणार नाहीत. भिंतीपलीकडे भागाबाई भांडी घासत होती. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला ही बातमी ठाऊक झाली, आणि आता माघार घ्यायलाही जागा उरली नाही.

लोक म्हणाले, म्हातारीला मान हवा. वैभव म्हणाला, हट्ट आहे. म्हणोत. कारण वेगळंच होतं, आणि ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

वामनराव गेल्यापासून लग्नाचं बोलावणं करायला कोणी आलं की काय व्हायचं, ते तिनं नऊ वर्षं पाहिलं होतं. बायका सुवर्णाला कुंकू लावायच्या, पिवळे तांदूळ तिच्या हातावर ठेवायच्या, आणि वच्छलाबाईपाशी आल्या की कुंकवाची कोयरी हळूच मिटायची. वाईट कोणी बोलत नसे. "तुमीबी या हो," म्हणायच्या, पण दाराकडे पाहत. एकटा भगवंता तसा वागला नाही. वामनराव गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी त्याच्या थोरल्याचं, प्रवीणचं लग्न निघालं. भगवंता घरात शिरला, सगळ्यांना ओलांडून सरळ तिच्यापुढे आला आणि म्हणाला, "अक्का, हात पुढं कर. या घरातली मोठी तू." आणि अक्षत ठेवली तिच्या हातावर, पहिली. ते तांदूळ तिनं देवाच्या डब्यात अजून जपले होते. आता हे काय लोकांना सांगत सुटायचं? ज्याला कळायला हवं होतं त्याला ते कळत होतं, आणि नेमके त्यानंच मोर पाठवले होते.

भगवंतरावाचे फोन आले. एकदा, दोनदा, चारदा. "अक्का, अंगठा तर आला होता तुहा!" तो म्हणे. "नेटवर्क नाई," वच्छलाबाई सांगायची आणि लाल बटण दाबायची. तेवढं एक बटण मात्र तिच्या बोटाला बरोबर ओळखायचं.

पण जीव लागत नव्हता. बारशाला हर्षालीच्या कानात नाव सांगणारी आत्या तीच. बायकांचे गुद्दे पाठीवर खात खात सांगितलं होतं. त्या पोरीच्या डोक्यावर अक्षता पडताना आपण इथं मेथी निवडत बसायचं? वांगी तोडताना तिच्या डोळ्यांपुढे मांडव यायचा आणि काटे बोटात शिरायचे. लग्नाला आठ दिवस उरले. भाऊ आला नाही. हटायचं तर नव्हतं, आणि नुसतं बसून राहणं तिच्या रक्तात नव्हतं.

बुधवारी तिनं बाजारातली टोपली भागाबाईच्या हवाली केली. घरी येऊन हळदीत तांदूळ पिवळे केले, पुडीत बांधले, स्वच्छ लुगडं नेसली आणि तलमडुगुच्या बसमध्ये बसली. कंडक्टरनं आधार कार्ड पाहिलं, बायकांचं फुकटचं तिकीट फाडलं. घरी सुवर्णा मागून विचारतच राहिली होती, "आई, चालल्या कुठं?"

भगवंतरावाच्या अंगणात मांडवाचे खांब रोवणं चाललं होतं. पडवीत छतापर्यंत कापूस. स्वतः भगवंतराव बनियनवर खाटेला टेकून फोनमध्ये डोकं घालून बसलेला. एकेका नावाला मोर धाडणं चालू होतं. त्याची बायको मनकर्णा धावत पुढे आली. "या बाई, या! पाय धुवा."

"नाई. आत नाई येत. म्या बोलावनं कराले आली."

"कायचं बोलावनं, अक्का?" भगवंतराव उठून उभा राहिला.

वच्छलाबाईनं पुडी सोडली. त्याचा हात धरला आणि त्यावर पिवळे तांदूळ ठेवले. "रविवारी सकाळी माह्या घरी कार्यक्रम हाय. माहा लहाना भाऊ मले अक्षत द्याले येनार हाय. तुमी सहकुटुंब या. अगत्यानं या. समजून घेऊ नका, म्हनून सोता आली सांगाले."

खांब रोवणारे गडी आधी हसले, मग चपापून कामाला लागले. भगवंतरावाचा चेहरा लाल झाला.

"अक्का, असं चारचौघांत... अवं, कापसाची शेवटची वेचनी चालू हाय, मजूर भेटत नाई, माहा गुडघा असा. चारशे घरं कशी फिरू म्या? तूच सांग."

"चारशे नको फिरू. एक फिर."

त्यानं दुसऱ्या हातातला फोन खाटेवर ठेवला.

"बाकीचे मोर पाहून खूश हायेत, राहो बापा," वच्छलाबाई म्हणाली. आवाज कापत होता आणि तो कापतोय याचीही तिला चीड आली होती. "थ्याइले कोनी ना कोनी कुंकू लावते. मले, भगवंता, नऊ वर्सांत एकाच मानसानं म्हनलं, हात पुढं कर. थो तू. आन आता तूबी फोनात घुसला. मंग मी जाऊ कोनाकडं?"

मनकर्णानं तोंडाला पदर लावला. भगवंतराव आपल्या हातावरच्या तांदळांकडे पाहत राहिला. मग मूठ मिटली, आत गेला आणि एका हातानं कसाबसा सदरा चढवून, टोपी घालून बाहेर आला.

"चाल."

"कुठं?"

"तुह्या घरी. रविवार कायले पायजे?"

"अवो, फोन ऱ्हायला ना!" मनकर्णा मागून ओरडली.

"राहू दे," तो वळून न पाहता म्हणाला.

परतीच्या बसमध्ये वच्छलाबाई पुढे बायकांच्या जागेवर बसली आणि भगवंतराव पार मागे. त्याची उजवी मूठ वाटभर मिटलेली. डाव्या हातानं खिसा चाचपून तो तिकिटाचे पैसे देऊ लागला तेव्हा कंडक्टर करवादला, "अरे मामा, वो हाथ में क्या पकडे?" भगवंतरावानं मूठ आणखी आवळली. उतरल्यावर ती पुढे आणि तो दहा पावलं मागे लंगडत, असे दोघं गल्लीत शिरले. बाजारातून परतलेली भागाबाई भिंतीवरून पाहतच राहिली. वच्छलाबाई घरात गेली आणि तिनं भावाच्या तोंडावर दार लावून घेतलं.

"आई!" सुवर्णा हादरली. "मामा हायेत ना बाहेर!"

"गप. त्याले रीतसर येऊ दे."

दारावर थाप पडली.

"कोन हाय?"

"भगवंता हाय, अक्का."

"काय काम काढलं?"

बाहेरून घसा खाकरून तो म्हणाला, "माह्या हर्षालीचं लगन हाय. तुले बोलावनं कराले आलो."

वच्छलाबाईनं दार उघडलं. "हात पुढं कर," भगवंतराव म्हणाला, आणि मूठ उघडली. तांदूळ घामानं तळव्याला चिकटले होते. हळदीनं सारा हात पिवळा. त्यानं बोटानं एकेक दाणा सोडवून तिच्या भेगाळलेल्या हातावर ठेवला, शेवटचा दाणा निघेपर्यंत. वच्छलाबाईला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही.

तांदूळ पदराच्या टोकात बांधून तिनं करकचून गाठ मारली आणि नाक ओढून म्हणाली, "बरं. इचार करते आन फोनवर कळवते."

भगवंतराव दुखरा गुडघा धरून उंबऱ्यावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. हसता हसता म्हणाला, "कळव. पन अंगठा नको धाडू माय."

वच्छलाबाई हसली नाही. ती आत वळली आणि भिंतीपलीकडच्या भागाबाईलाच काय, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुवर्णा, चहा ठेव. माहा भाऊ आला. दारातून आला."