भाऊची जहाजाची परीक्षा

माझा मोठा भाऊ समुद्रावर नोकरीला आहे, असं वर्ध्याजवळच्या आमच्या सेलूत कोणाला सांगितलं की तो आधी हसायचा आणि मग विचारायचा, "कोन्त्या समुद्रावर?" जसे काही आमच्या तालुक्यात दोन-चार पडले आहेत. भाऊ लढाईच्या भरतीत गेला. त्याआधी तो कापसाच्या जिनात बॉयलरवर लाकडं टाकायचा, म्हणून तिकडेही त्याच्या वाट्याला बॉयलरच आला. किनाऱ्यावर पहारा देणारं सरकारी जहाज होतं ते, जुनं, वाफेवर चालणारं. भाऊ त्याच्या पोटात उभा राहून भट्टी सांभाळायचा. तुला समुद्र आमच्याहून फार जास्त दिसत नसेल, असं म्हणून मी त्याला चिडवायचो.

मी त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, भाऊ जहाजावर गेला आणि घरात माय आणि मी उरलो. पुढे मीही त्याच जिनात लागलो. तोवर शेठनं बॉयलर मोडीत काढून डिझेलचं इंजन बसवलं होतं आणि मी त्या इंजनाचा मिस्त्री झालो. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाचा हंगाम. तेवढे महिने सरकी काढणारे दहा रेचे माझ्या इंजनावर फिरायचे आणि शेठसकट कोणी मला विचारल्याशिवाय त्याला हात लावत नसे. मला याचा गर्व होता. अजूनही आहे.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. ऐन हंगामात भाऊ दीड महिन्याच्या सुट्टीवर आला आणि येतानाच बातमी घेऊन आला. पहाऱ्याची जुनी जहाजं काढून सरकार नवी घेणार होतं. नवं जहाज एकटंच चार कामं करणार. चोरटा माल आणणाऱ्यांच्या मागे लागायचं, वादळात सापडलेल्या कोळ्यांना सोडवायचं, बंद पडलेली बोट ओढून आणायची, आणि कुठं आग लागली तर पाणीही मारायचं. तोवर एकेका कामाला एकेक बोट होती आणि गरजेच्या वेळी नेमकी भलतीच बोट बंदरात उभी असायची. हे सांगताना भाऊ अंगणातल्या मातीत काडीनं जहाज काढून दाखवत होता. मायला त्या चित्राशी काही घेणं नव्हतं. तिनं विचारलं, "पानी किती खोल असते रे तिथं? आपल्या विहिरीचे किती दोर?" भाऊ म्हणाला, "दोर नाई पुरत, माय." तिनं पुन्हा विचारलं नाही.

मला मात्र त्यानं एकट्याला एक गोष्ट सांगितली. मागच्या पावसाळ्यात कोळ्यांची एक बोट फुटल्याची खबर आली. जहाज बंदरात थंड उभं होतं. वाफ धरायला पाच तास लागले. भाऊनं भट्टीसमोर उभं राहून जितकं जाळता येईल तितकं जाळलं. पोहोचले तेव्हा पाण्यावर नुसत्या फळ्या तरंगत होत्या. "नवं जहाज पंधरा मिनिटांत निंगते," तो म्हणाला. "भट्टीच नाई त्याले." एवढंच बोलून तो बिडी पेटवायला लागला, पण दोन काड्या विझल्या.

अडचण इतकीच होती की नवी जहाजं डिझेलवर चालणारी होती. वाफेवरच्या माणसांची परीक्षा घेणार होते. पास होईल तो नव्या जहाजावर, नापास होईल त्यानं किनाऱ्यावरच्या गोदामात पहारा करायचा, नाही तर नोकरी सोडून घरी जायचं. भाऊचा डिझेलशी कधी संबंधच आलेला नव्हता. चार दिवस तो घुटमळला आणि मग इंजनघराच्या दाराशी येऊन म्हणाला, "शिकवतं का बे मले?"

भाऊनं माझ्याकडे काही मागितल्याचं ते पहिलंच. मी आतून फुलून गेलो आणि वरून कपाळाला आठ्या घातल्या. शेठला विचारलं. तो म्हणाला, "शिकव, पन जहाज म्हणून माहा जिन बुडवू नका." मग दुपारच्या सुट्टीत आणि बाजाराच्या दिवशी जिन बंद असताना आमची शाळा सुरू झाली.

भाऊचे हात चांगले होते, डोकंही चांगलं होतं, पण ते वाफेचं डोकं. इंजनासमोर उभा राहिला की आधी वाकून जाळ शोधायचा. जाळ नाही म्हटल्यावर तळहातानं लोखंड चाचपायचा. बॉयलरवाल्यांना सवय असते, जे काही बिघडतं ते गरम-थंडाचंच. कमी तापलं, जास्त तापलं, यापलीकडे त्यांचं दुखणं जात नाही. मी त्याला येताजाता टोकायचो. "हात काऊन लावतं? कान लाव." लहानपणी पाढे चुकलो म्हणून त्यानं माझे कान पिळले होते, त्याची मी व्याजासकट वसुली करत होतो. तो निमूट ऐकून घ्यायचा. महिन्याभरात तेल बदलणं, चाक फिरवून इंजन सुरू करणं, आवाजावरून बिघाड ओळखणं, सगळं त्याला येऊ लागलं.

एक दिवस माय सुपात तूर पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याले पुरतं नोको शिकवू."

मी समजलो आणि नाही समजल्यासारखं केलं.

"नापास झाला तं घरी येईन," ती म्हणाली. "पान्यावरच्या मानसाले कोनी पोरगी देत नाई. माह्या डोयासमोर त्याचं लगन होऊ दे."

मी भडकलो. "असं कुठं असते का माय? त्याची नोकरी आहे ते."

"तुले नाई वाटत, तो इथं राहावं म्हणून?"

वाटत होतं. वडील गेले तेव्हापासून मला तो हवा होता. आमच्या घरात तसं कोणी कोणाला म्हणत नसे. आम्ही एकमेकांना जेवलास का विचारायचो, तेवढ्यात सगळं आलं.

भाऊ जायला पाच दिवस उरले होते. बाजाराचा दिवस होता. इंजन चालू असताना गप्पांच्या नादात डिझेलची टाकी पूर्ण रिकामी झाली आणि इंजन धापा टाकून बंद पडलं. डिझेल आणून टाकी भरेपर्यंत तासभर गेला. मग भाऊनं चाक फिरवलं, घामाघूम झाला, ते सुरू होईना. होणारच नव्हतं. टाकी रिकामी झाली की नळीत हवा शिरते. आमच्याकडे म्हणतात, इंजनानं हवा घेतली. मग नळीचा नट थोडा सैल करायचा, बुडबुड्यांचं डिझेल बाहेर जाऊ द्यायचं, नुसती धार लागली की नट आवळायचा. दोन मिनिटांचं काम. पण माहीत नसेल तर माणूस दिवसभर चाक फिरवत बसेल.

भाऊनं लोखंडाला हात लावला आणि म्हणाला, "थंडं झालं असन."

मी तोंड उघडलं होतं सांगायला. आणि त्या तोंडातून निघालं, "हो. गरम होऊ द्या लागते. तू बाजारातून चिवडा आन तवर."

तो गेला. मी नट सैल केला, हवा काढली, नट आवळला, शेजारच्या हमालाला हाक मारून चाक फिरवलं. भाऊ पुडी घेऊन परत आला तेव्हा इंजन ठाकठोक चाललं होतं. त्यानं मान डोलावली. आपलं निदान बरोबर निघालं म्हणून तो खूश होता. तो चिवडा मला गिळवला नाही.

उद्या सांगू, असं मी चार दिवस म्हणत राहिलो. पाचव्या दिवशी त्याला वर्ध्याला गाडीत बसवलं. खिडकीतून तो म्हणाला, "पास झालो तं तुह्यामुळंच बरं का." गाडी हलली. मी हात हलवला.

घरी माय खुशीत होती; मी त्याला पुरतं शिकवलं नाही, हे तिनं न सांगताच ताडलं होतं. तिनं कधी नाही ते गाणं गुणगुणत पोळ्या लाटल्या. मला तिचा राग आला, आणि तो तिच्यावर काढावा इतका मी काही निर्दोष नव्हतो. दोन दिवस मला झोप नाही. तिसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन कार्ड घेतलं आणि तिथंच उभ्यानं लिहिलं: त्या दिवशी इंजन थंड नव्हतं, त्यानं हवा घेतली होती, नट असा सैल करायचा, हवा अशी काढायची. मी का सांगितलं नाही, ते लिहिलं नाही. कार्डावर जागा होती.

महिन्यानं त्याचं उत्तर आलं. परीक्षेत साहेबानं नेमकी टाकी रिकामी करून पुन्हा भरून ठेवली होती आणि तो म्हणाला, सुरू कर. भाऊनं हात लावून सांगितलं, थंड आहे, गरम होऊ द्यावं लागेल. बाकीचे हसले. साहेब हसला नाही, त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. माझं कार्ड दुसऱ्या दिवशी पोहोचलं. गोदामाचा पहारा त्यानं घेतला नव्हता. खाली लिहिलं होतं, मायला सांग, मी घरी येतो.

मायनं गिरडच्या दर्ग्यात जाऊन त्यासाठी बोललेला नवस फेडला. वैशाखात भाऊ आला तेव्हा ती सेलू स्टेशनावर सगळ्यांदेखत रडली. हंगाम संपला होता, जिन बंद होतं. दुसऱ्या दिवशी मी इंजन खोलून साफ करत होतो, तर भाऊ येऊन समोरच्या खोक्यावर बसला. मी मान खाली घालून पुसत राहिलो. त्यानं विचारलं, "काऊन नाई सांगतलं बे?"

मायचं नाव तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं. आयुष्यात तेवढं एक बरं केलं. म्हणालो, "मले वाटे, तू इथंच राहावं."

त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मी सोसला असता.

"मंग तसं म्हनाचं होतं नं," तो म्हणाला. "दीड महिना मी वाट पाहून राह्यलो होतो, कोनी म्हनते का म्हणून. राह्यलो असतो."