राखून ठेवलेलं रडू

ठाण्याच्या डायरीत चार ओळींत संपलेलं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट. धानोऱ्याला फौजदार म्हणून मी नवाच आलो होतो. जवळच्या नदीवर पुलाचं काम निघालं होतं आणि पुलाच्या पायात लहान मूल पुरतात, अशी आवई गावोगाव उठली होती.

बाजाराच्या दिवशी सकाळी एक चहावाला धापा टाकत ठाण्यात आला. "साहेब, एक बाई पोरगी पळवून नेऊन राह्यली! लोक मारतीन तिले, लवकर चाला."

आम्ही पोहोचलो तेव्हा बाईला गर्दीने घेरलं होतं. तिच्या कडेवरची तीनेक वर्षांची मुलगी किंचाळत तिचे केस ओढत होती. मी मुलीला हवालदाराकडे दिलं, तर ती तत्काळ गप्प झाली. गर्दीला तेवढा पुरावा पुरला. खरं सांगायचं तर मलाही पुरला.

ठाण्यात आणून मी बाईची चौकशी सुरू केली.

"पोरगी कोणाची?"

"माहीच हाय जी."

"मग तुझे केस ओढते कशाला?"

"महिनाभर गडचिरोलीले दवाखान्यात होती मी. पोरगी दूरच्या गावी बहिणीपाशी ठेवली. आज घरी घेऊन चालली, तं रुसून राह्यली."

"रुसलेलं पोर असं करतं होय?" मी दरडावलं. गुन्हा उघडकीस आलाच, अशा तोऱ्यात होतो. तिच्या गावच्या कोतवालाला आणायला शिपाई धाडला. गाव लांब, तो उद्याशिवाय परतणार नव्हता. बाहेर लोक 'तिला आमच्या ताब्यात द्या' म्हणून ओरडत होते. मी बाईला कोठडीत टाकलं.

"मले मारा जी," ती गज धरून म्हणाली, "पन माही पोरगी कोनाले देऊ नोका."

मुलीला मी पोलीस लाइनीत हवालदाराच्या घरी ठेवलं. दुपारी हवालदारीणबाई तिला घेऊन ठाण्यात आल्या. चार मुलांची आई, बोलायला फटकळ.

"साहेब, ही पोरगी लय शहान्यावानी राह्यते."

"मग बरंच आहे की."

"बरं कायचं? बस म्हटलं तं बसते. आंगनात पडली, गुडघा फुटला, पन रडली नाई. इकडंतिकडं पाह्यलं न् गप राह्यली. माही पोरं परक्याच्या घरी अशीच राह्यतात, न् घरी आले का माहा जीव खातात. इले त्या बाईपाशी नेऊन तं पाहा."

आता हिने मला तपास शिकवायचा! मी चिडलोच. तरी कोठडी उघडायला लावली.

मुलगी दारात थबकली. आईला पाहिलं, ओठ थरथरले आणि तिने भोकाड पसरलं. धावत जाऊन आईला दोन चापट्या मारल्या आणि मग फुटलेला गुडघा वर करून दाखवला. रक्त केव्हाच वाळलं होतं. आईने फुंकर घातली, तशी पोरीने आणखी एक चापट मारली आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकलं.

मला माझीच लाज वाटली. मायलेकींना त्या दिवशी हवालदाराच्या घरीच ठेवलं. दुसऱ्या दिवशी कोतवालाने ओळख पटवली, जबाब झाला, पंचांच्या सह्या झाल्या. फौजदाराने माफी मागायची तेव्हा पद्धत नव्हती, पण मी मागितली. मग शिपाई सोबत देऊन त्यांना बैलगाडीने गावी पोहोचवलं.

मूल परक्यापुढे जपून वागतं. कितीही त्रागा केला तरी जे माणूस आपल्याला टाकणार नाही, त्याच्यापुढेच ते राग काढतं. पुढे कितीतरी जबाब घेताना मला हे उपयोगी पडलं. गप्प बसलेला माणूस सुखात आहे, असं मी पुन्हा कधी धरून चाललो नाही.

माझी स्वतःची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मी घरात पाऊल टाकलं की ती पाटावर ताठ बसायची आणि मी चारचौघांत तिच्या शिस्तीचं कौतुक सांगायचो. त्या प्रकरणानंतर मी घरी आलो की पट्टा-टोपी काढून तिच्याशेजारी जमिनीवर बसू लागलो. ती अंग चोरून बसायची. असे काही महिने गेले. मग एकदा कशावरून तरी बिनसलं, तिने मला सणसणीत लाथ मारली आणि रडत माझ्याच मांडीत शिरली.

बायको तिला रागवायला धावली.

"राहू दे," मी म्हटलं, "आज तिला मी बाप वाटलो."